देवानं दुरुस्त केलेला पंप

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांस तर अगत्याने, कळविण्यात येते की, आमच्या गावात पाच वर्षांमागे घडलेल्या एका दैवी चमत्काराबाबत प्रस्तुत इसमास अत्यंत गंभीर स्वरूपाचे निवेदन करावयाचे आहे. तरी सर्वांनी शांतता राखावी. तोंडात पान असलेल्यांनी आधी बाहेर जाऊन यावे.

बसलात? बरं.

आता आवाज खाली आणतो. कारण ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. दोघा मित्रांना ठाऊक आहे, पण त्यांनाही अर्धीच. आणि मी कसा माणूस आहे ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. मस्कतमध्ये एसी बसवणाऱ्या कंपनीत मी सव्वीस वर्षं सुपरवायझर आहे, पण तिथले लोक मला जेवायला बोलावतात ते जेवण झाल्यावर मी काहीतरी सांगावं म्हणून. माझ्या सगळ्या फजित्या मी अशा पंगतीत वाढून टाकल्या. पोहायला गेलो आणि कपडे गाईनं खाल्ले, तेसुद्धा. हीच एक राहिली. ओठापर्यंत यायची — आणि मग मी गाईचीच पुन्हा सांगायचो.

आमचं गाव आचऱ्याच्या बाजूचं. नाव सांगत नाही. पण गावपळण पाळणारी गावं आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा ओळखायचं ते ओळखतीलच. ज्यांना गावपळण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर तीन-चार वर्षांनी, भात घरात आलं की, देवाला कौल लावतात. देवानं हो म्हटलं की ठरल्या दिवशी सगळा गाव उठतो आणि वेशीबाहेर जातो. सगळा म्हणजे सगळा. म्हातारे, तान्ही पोरं, गुरं, कुत्री, टोपलीखाली कोंबड्या. हिंदू जातात, मुसलमान जातात. खाडीकाठी झावळ्यांच्या खोपी घालतात आणि तीन दिवस, तीन रात्री तिथंच रांधतात, तिथंच झोपतात, भजनं करतात, पत्ते कुटतात. गावात माणूस नाही, चूल नाही, दिवा नाही. ते तीन दिवस गाव देवाचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि देवानं हो म्हटलं तर परत. लहानपणी मला वाटायचं, तेवढ्यात देव सगळ्यांच्या घरांत फिरून येत असेल — कुणाच्या डब्यात काय आहे ते बघत.

आता वयनी.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा ती वीस वर्षांची आणि मी आठ. आई नव्हती. मला न्हाऊ घालण्यापासून माझं नाक पुसण्यापर्यंत सगळं तिच्याकडे आलं. मुलं तिला झाली नाहीत, मी होतो. एकदा गणपतीत मी नैवेद्याच्या पाच नेवऱ्या आरतीच्या आधीच खाल्ल्या. दादाचा हात उठला, तेवढ्यात वयनी म्हणाली, “मांजरान खाल्ल्यान.” दादा म्हणाला, “आपल्याकडे खंयचा मांजर?” वयनी शांतपणे म्हणाली, “येता एक.” त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या घरात ते न पाळलेलं मांजर यायचं. त्यानं बरणी फोडली, त्यानं दादाचा रेडिओ खोलला, त्यानं सातवीत गणितात अकरा मार्क मिळवले. मला मात्र ती आयुष्यात एकाच गोष्टीवरून टाकून बोलली असेल. चहा पिऊन कप तसाच मोरीत ठेवायची माझी खोड. “बाबल, कप धुवन ठेव रे!” हे वाक्य मी बहुधा माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

दादा गेला त्याला आता आठ वर्षं झाली. वयनी त्या घरात एकटी.

हे सगळं मी का सांगतोय? म्हणजे मुद्द्यावर यायला वेळ लागावा म्हणून. दुसरं काय?

तर — पाच वर्षांपूर्वी. मस्कतमध्ये माझे दोन मित्र. कुरियन, केरळचा, आमच्या कंपनीतला सर्वांत हुशार मेकॅनिक. आणि हमद, तिथलाच, कोळ्याच्या घरातला, हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलणारा. सणाला जोडून रजा मिळत होती. तिघांनी ठरवलं, चार दिवस समुद्रावर जाऊ. तुम्ही म्हणाल, मस्कतला समुद्र नाही? आहे. पण त्याच्या काठावर माड नाहीत, आणि तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं तर नाहीच नाही. मी त्यांना अकरा वर्षं हे सगळं तोंडानं खाऊ घातलं होतं. मग गोव्याच्या विमानाची तिकिटं काढली, तोंडवलीला वाळूला लागून दोन खोल्या घेतल्या. बायकोला सांगितलं, गोव्याला चाललोय. वयनीला काहीच सांगितलं नाही.

तोंडवली आमच्या घरापासून स्कूटरनं पंधरा मिनिटं.

का सांगितलं नाही? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आलो की मित्रांची गैरसोय झाली असती. खोटं. खरं असं की मी गावी गेलो की सतरा घरी चहा प्यायचा, दोन तंटे ऐकायचे, कुणाच्या मुलाला मस्कतला चिकटवायचं कबूल करायचं. मला चार दिवस कुणाचाच कोणी व्हायचं नव्हतं. दीर नाही, काका नाही, बाबल नाही. नुसता एक पोट सुटलेला माणूस, समुद्रात पाय सोडून. हे एवढं वाईट आहे का? इथवर नाही. इथवर तुम्हीही माझ्या बाजूनं असाल.

आणि मग देवानं कौल दिला. नेमके तेच दिवस.

वयनीचा फोन आला. “बाबल, यंदा गावपळण लागली रे. तुझे दादा होते तेव्हा खोप तेच घालीत. माका एक हात होयो. तुका रजा गावतली काय?”

तिकीट माझ्या खिशात होतं. अगदी खरं सांगतो, वरच्या खिशात, छातीला लागून. मी म्हणालो, “नाय गो वयनी. साहेब रजा देना नाय.”

“बरा, बरा,” ती म्हणाली. “गजा घालीत. तू तब्येतीक जप.”

हा गजा म्हणजे आमचा शेजारी. गावातल्या वायरिंगचा, पंपांचा, मिक्सरचा एकमेव डॉक्टर. त्याच्याकडे पुन्हा येऊच.

पहिल्या दिवशी तोंडवलीच्या वाळूत मी लोळत होतो तेव्हा तिचाच फोन आला. खोपीतून. खोप बरी झाली, गजानं नीट बांधली, रात्री थंडी लागेल, असं सगळं सांगत होती. मध्येच थांबली. “हो आवाज कसलो रे?”

माझ्यामागं समुद्र होता. अख्खाच्या अख्खा. त्याला गप्प करायची सोय नव्हती.

“एसीचो,” मी म्हणालो. “मोठो एसी आसा, फॅक्टरीतलो.”

ती म्हणाली, “हयसरय तसोच येता. दर्याचो.”

कुरियन आणि हमद बाजूला पडून हसत होते. मीही हसलो. मी काय सुंदर हसलो असेन!

दुसऱ्या दिवशी दुपारी कुरियननं विषय काढला. “ग्यारह साल से तेरा घर सुन रहा हूँ. दिखा.” मी टाळायला लागलो, आणि टाळता टाळता माझ्या डोक्यात जे आलं त्याचा मला त्या क्षणी केवढा आनंद झाला म्हणून सांगू! अहो, गाव रिकामा होता! खोटं बोलून लपलेल्या माणसाला स्वतःच्या घरी राजरोस जायला चार वर्षांतून एकदाच संधी मिळते, आणि ती आज होती. देवाच्या तीन दिवसांत वेशीच्या आत पाऊल टाकायचं नसतं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी लहानाचा मोठा झालो ते हेच ऐकत. तरी गेलो. खाडीकडचा रस्ता टाळून, काजूच्या बागांतून, स्कूटरी लांब ठेवून. वेशीपाशी मी चपला काढून हातात घेतल्या. का, ते विचारू नका.

रिकामा गाव तुम्ही पाहिलाय? ओसाड नव्हे. अंगणं सारवलेली, तुळशीला पाणी घातलेलं, दोरीवर एक विसरलेला टॉवेल. फक्त माणूस नाही. आम्ही तिघंही कुजबुजत बोलायला लागलो. हमदनं तर आमच्या दारात सलाम केला, आत कुणी असावं तसा.

किल्ली तुळशीमागच्या चिऱ्याच्या फटीत. पन्नास वर्षं तिथंच. घर पंधरा खोल्यांचं आहे असं मी मस्कतला सांगितलेलं. कुरियननं फिरून मोजल्या. चार भरल्या. तो काही बोलला नाही. मित्र असावा तर असा.

आणि मग मागच्या पडवीत त्याला पंप दिसला.

तो पंप वर्षभर बंद होता. विहिरीवरचा, टाकीत पाणी चढवणारा. वयनी मला फोनवर त्याचं रडगाणं सांगायची, आणि मागच्या दाराचंही. दार घासतं, उघडायला खांदा लावावा लागतो. मी दर वेळी म्हणायचो, मे महिन्यात येतो, बघतो. गजानं पंपाचं सगळं बदलून पाहिलं होतं. फक्त विहिरीत उतरून पाइपाच्या तोंडाचा व्हॉल्व्ह पाहिला नव्हता, कारण विहिरीत दिवड, म्हणजे पाणसाप, आहे आणि गजा जनावराला भितो. हमद कोळ्याचा पोर. त्यानं सदरा काढला आणि मी नको नको म्हणेपर्यंत तो खाली. वर आला तो हातात नारळाच्या शेंडीचा गोळा घेऊन. व्हॉल्व्हमध्ये हे अडकलेलं! कुरियननं सांधा टेप लावून बांधला, पाणी भरलं, बटण दाबलं. पंप खोकला, थुंकला आणि चालू झाला. मी तोवर मागचं दार बिजागरीतून काढून खालून तासलं. दादाची पटाशी होती त्याच जागेवर. ती हातात घेतल्यावर जे झालं ते जाऊ द्या.

नंतर मी मित्रांना चहा केला. गुरं खाडीकाठी, तेव्हा कोराच. वयनीचे पाहुण्यांचे कप काढले, निळ्या फुलांचे. पडवीत बसलो. टाकीत पाणी पडत होतं. मला आयुष्यात इतकं बरं फार थोड्या वेळा वाटलंय. कप तसेच मोरीत ठेवले, आणि तेवढ्यात, त्या मुक्या गावात, अगदी कानाशी, एक कोंबडा आरवला.

कुणाचा तरी राहिलेला. टोपलीतून निसटलेला. हे सगळं आत्ता कळतं. त्या वेळी तीन बाप्ये, एक हिंदू, एक ख्रिस्ती, एक मुसलमान, आपापल्या देवाचं नाव घेत जे धावले ते स्कूटरीशी थांबले. किल्ली मी फटीत ठेवली एवढंच नशीब.

चौथ्या दिवशी मी मस्कतला पोचलो आणि फोन वाजला.

“बाबल! देव इलो रे!”

वयनी रडत होती. घर सोडताना तिनं उंबऱ्यावर उभं राहून गाऱ्हाणं घातलं होतं. बा देवा म्हाराजा, माझो एकच दीर, तो परदेशात, माझ्या घराकडे तूच बघ, पंपाकडे बघ, दाराकडे बघ. परत येऊन बघते तर दार बोटानं उघडतंय आणि टाकी भरून वाहतेय. तिनं तक्रार दोघांकडेच केली होती, देवाकडे आणि माझ्याकडे. यादी एकच. मग गावानं काय समजावं?

अख्खा गाव पाणी बघायला आला. म्हातारे त्या पाण्याचं आचमन करून गेले. गजाची तर चेष्टा करून करून लोकांनी पाठ सोलली. ‘गजा, देवान वर्कशॉप घातल्यान रे! तू आता उदबत्ते वीक!’ पुढं मला तो भेटला तेव्हा म्हणाला, “बाबल, देव विहिरीत उतारता म्हणान माका कोण सांगूक नाय. मी उतारलो असतंय.”

फोनवर मी काय म्हणालो? हसलो असतो, ‘अगो वयनी, मीच तो’ म्हटलं असतं, तर तिनं मला शिव्या घातल्या असत्या आणि ही माझी सर्वांत चांगली गोष्ट झाली असती. पण मग सांगावं लागलं असतं की मी तोंडवलीला होतो. एसी म्हणजे समुद्र होता. तिची खोप गजा बांधत होता आणि मी वाळूत उताणा होतो.

मी म्हणालो, “देवाची कृपा.”

तुम्ही म्हणाल, एवढंच? ह्यात काय मोठं पाप? एका बाईला आनंद झाला, पाणी आलं. मीही असंच म्हणत राहिलो. आणखी एक सांगतो, हे सांगायला जास्त लाज वाटते. मला ते आवडलं. वयनी त्या देवाबद्दल जशी बोलायची, हळू, हसऱ्या तोंडानं, तशी माझ्याबद्दल कधी बोलली असेल असं वाटत नाही. मी मस्कतमध्ये बसून ते ऐकायचो आणि मनात म्हणायचो, मीच, मीच.

पण एक झालं. ती मला काही सांगेनाशी झाली. फोन यायचा, तब्येत विचारायची, मुलाची शाळा विचारायची. पण घराचं काही नाही. मी विचारलं की म्हणायची, “तू कामात असतंस. माका आसा बघणारो.” किती सोपं झालं माझं! मला तेव्हा बोचलंसुद्धा नाही.

दोन वर्षांनी पंप पुन्हा बंद पडला. बटण दाबलं की घूं करायचा, फिरायचा नाही. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, कपॅसिटर गेला. आगपेटीएवढी वस्तू, पाच मिनिटांचं काम. गजानंही तेच सांगितलं. वयनीनं त्याला पडवीत पाऊल टाकू दिलं नाही. देवाचा हात लागलेल्या पंपाला माणसाचा हात नको. आणि ती रहाटानं पाणी ओढायला लागली. बासष्टाव्या वर्षी.

त्या मे महिन्यात मी गावी गेलो. आता मी जिथं जिथं वळणं घेतली ती सगळी हीच जागा टाळायला. सकाळची वेळ. ती विहिरीवर, दोर हातात. मी म्हटलं, “वयनी, माका बघूक दी. पाच मिनटाचा काम.”

ती दोर ओढतच राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “ज्यान केल्यान, तोच करतलो.”

कळशी वर आली. तिनं ती काठावर ठेवली. आणि थांबली. पाणी खाली न्यायचं सोडून, उगाच, पदरानं हात पुसत थांबली.

मला बोलायला किती वेळ होता! एक वाक्य होतं. चार शब्दांचं. माझी जीभ, जी मस्कतमध्ये शंभर माणसांना तासतासभर हसवते, ती टाळूला चिकटली. मी तिच्या हातातली कळशी घेतली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, आणि दहा दिवस सगळं पाणी मीच ओढलं, मोठ्या प्रेमानं, गावाला दिसेल असं. अकराव्या दिवशी विमानात बसलो.

हाच तो गुन्हा. तोंडवली नव्हे, समुद्राला एसी म्हटलं ते नव्हे, देवाच्या दिवसांत वेस ओलांडली तेही नव्हे. ती थांबली होती, आणि मी बोललो नाही.

पुढच्या मे महिन्यातही बोललो नाही. त्या पावसाळ्यात विहिरीकाठच्या शेवाळावरून तिचा पाय घसरला. गजाचा फोन आला, “वयनी पडली. मनगट मोडला.” महिनाभर प्लास्टर. एका हातानं ती अर्धी अर्धी कळशी ओढायची, उरलेलं गजाची बायको भरून द्यायची. मी फोनवर ओरडलो, हट्ट सोड, गजाला पंप उघडू दे. ती म्हणाली, “आता हिंवाळ्यात गावपळण आसा मां. बघूया.”

काय बघूया?

ह्या खेपेला मी रजा मागितली, खरी. गावपळणीच्या आदल्या दिवशी पोचलो. तिच्यासाठी खोप घातली, इतकी वाकडी की गजानं येऊन सोडून पुन्हा बांधली. तिची घोंगडी, भांडी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, सगळं डोक्यावरून नेलं. घर सोडताना तिनं उंबऱ्यावर गाऱ्हाणं घातलं, आणि मी मागं उभं राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

आणि खिशातल्या खिशात फोन दाबून धरला होता. कारण मी काय केलं होतं ठाऊक आहे? पुन्हा तेच. मला बोलवेना, म्हणून मी देव मागवला. कुरियन आता निवृत्त होऊन कोट्टयमला असतो. त्याला सगळं सांगितलं, म्हणजे पंपाचं सांगितलं. “मतलब,” तो म्हणाला, “मेरे को फिर से भगवान बनना है?” साठीतला माणूस, खिशात कपॅसिटर घालून रेल्वेनं कणकवलीला उतरला आणि दुसऱ्या दिवशी काजूच्या बागांतून आमच्या घरी गेला.

मी तेव्हा खोपीत होतो. वयनी भाकऱ्या थापत होती, डाव्या हातानं, उजव्यात अजून जोर नव्हता. मी चुलीपुढं बसून माझ्या सगळ्या गोष्टी सांगत होतो. गाईनं कपडे खाल्ले ती तिनं शंभरदा ऐकलेली, तरी तिला हसताना ठसका लागला. बाजूच्या खोपींतली माणसं ऐकायला येऊन बसली. गजा म्हणाला, “बाबल, हे तीन दिवस थय मस्कतात कसो रवतस रे तू?” समोर खाडी, पलीकडे समुद्राचा आवाज. वयनी म्हणाली, “आज तुझो एसी बरो ऐकाक येता.” मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. ती काय म्हणाली त्याचा विचार करायला मला धाडस लागलं असतं, ते नव्हतं.

फोन थरथरला. कुरियनचा निरोप: काम झालं, ह्या वेळी कोंबडा नव्हता, आरामात बसून चहा घेतला, निघालो.

तीन दिवस मी तिच्याबरोबर होतो. सांगायला तीन दिवस होते. नाही सांगितलं. आजही सांगितलेलं नाही. माफी मागायला हे सांगत नाही, ती माझ्याकडून कुणी मागितलेलीही नाही. घडलं ते असं, एवढंच.

चौथ्या दिवशी देवानं कौल दिला. नगारा वाजला, गुरं पुढं, माणसं मागं, सगळा गाव परतला. आणि निम्मा गाव सरळ आमच्या मागच्या अंगणात. गजानंच बटण दाबलं. पंप घूं न करता फिरला. नळातून पाणी आलं, आधी तांबूस, मग स्वच्छ, आणि लोक एका आवाजात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणाले. गजानं दोन्ही हात जोडले आणि मग तेच हात कपाळाला लावले. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी पंपाकडे बघत राहिलो.

वयनी मात्र नळाकडे आलीच नव्हती. ती घरात शिरल्या शिरल्या आधी मोरीकडे गेली होती. आता मागच्या दारात आली. दार घासलं नाही. तिच्या हातात निळ्या फुलांचा एक कप होता. तो तिनं उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आतून बोट फिरवलं. आणि सगळ्या गावासमोर, माझ्याकडे न बघता, मोठ्यानं म्हणाली,

“बरा झाला बाय! ह्या खेपेक तरी कप धुवन ठेवल्यान!”